'पिंकर्टन' आणि श्रोत्यांचा कौल

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं एक लहानसा वाद झाला. आमचा भाचा मुंबईहून चार दिवस राहावयास आला होता. एके सायंकाळीं पाऊस कोसळत असतां त्यानें एक इंग्रजी आल्बम लावला आणि, "मामा, हा ज्या वर्षीं निघाला त्या वर्षीं लोकांनीं ह्याला सर्वांत वाईटांपैकीं एक ठरविलें, आणि पुढें त्याच लोकांनीं ह्याला सर्वोत्कृष्टांत नेऊन बसविलें," असें सांगून तो आमच्या मुद्रेकडे पाहत बसला. आम्ही ख्यालावर आणि नाट्यसंगीतावर वाढलेले. पहिल्या पांच मिनिटांत आमच्या कानांवर जो आघात झाला त्याचें वर्णन न करणेंच बरें. "लोकांचें पहिलें मत बरोबर होतें," असें आम्हीं तत्काळ सांगून टाकलें, आणि वाद जुंपला तो पानें मांडलीं जाईपर्यंत. भाचा परत गेला, पण प्रश्न मागें ठेवून गेला. आल्बममधील एकहि सूर बदलला नसतां अवघ्या सहा वर्षांत त्याची किंमत इतकी पालटली कशी? ह्या जिज्ञासेनें आम्ही त्याची पूर्वपीठिका शोधूं लागलों, व जी हकीकत हातीं लागली ती मनोरंजक तर आहेच, परंतु मधून मधून मनास चटका लावणारीहि आहे. म्हणून ती वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

ज्या बँडची ही हकीकत त्याचें नांव 'वीझर'. १९९२ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील लॉस एंजलिस शहरीं तो स्थापन झाला. चार तरुण, त्यांतील गाणीं रचणारा, गाणारा व गिटार वाजविणारा मुख्य पुरुष रिव्हर्स क्वोमो. ह्या गृहस्थाचें बालपण जरा निराळ्या वातावरणांत गेलेलें आहे, आणि हिंदी वाचकांस तें विशेष वाटेल. कनेक्टिकट संस्थानांत पॉम्फ्रेट म्हणून गांव आहे. तेथें तामीळ देशाहून गेलेले स्वामी सच्चिदानंद ह्यांचा 'योगव्हिल' नांवाचा आश्रम होता. हे स्वामी म्हणजे १९६९ सालीं वुडस्टॉकच्या प्रचंड संगीतमेळाव्याच्या आरंभीं ज्यांनीं लक्षावधि तरुणांपुढें व्यासपीठावर बसून उपदेश केला तेच. क्वोमोचे आईबाप त्या आश्रमाच्या मंडळींपैकीं असल्यामुळें पोराचीं कांहीं वर्षें त्या छायेंत गेलीं. आश्रमांतलें हें मूल पुढें विजेच्या गिटारीच्या नादीं लागलें, ह्यांत आश्चर्य तें कसलें? कीर्तनकाराचीं मुलें तमाशाच्या फडांत गेल्याचीं उदाहरणें आमच्याकडेहि कांहीं थोडीं नाहींत.

वीझरचा पहिला आल्बम १० मे १९९४ रोजीं निघाला. त्याला निराळें नांव नाहीं. निळ्या पार्श्वभूमीवर चौघे उभे आहेत एवढेंच वेष्टन, म्हणून लोक त्याला 'निळा आल्बम' म्हणतात. 'कार्स' ह्या प्रसिद्ध बँडचा रिक ओकॅसेक हा त्याचा निर्माता होता आणि त्यानें प्रत्येक गाणें घासून पुसून लख्ख केलेलें होतें. त्यांतील 'बडी हॉली' ह्या गाण्याचें चलच्चित्र इतकें गमतीदार उतरलें कीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें तें आपल्या विंडोज ९५ ह्या प्रणालीच्या तबकडीवरच घालून दिलें. परिणामीं ज्यांस रॉक संगीताशीं कांहीं कर्तव्य नव्हतें त्यांच्याहि घरांत वीझरचा प्रवेश झाला. दोन वर्षांच्या आंत अमेरिकेंत ह्या आल्बमच्या दहा लक्षांहून पुष्कळ अधिक प्रती खपल्या. चष्मा लावणारे, किंचित् बावळट दिसणारे, हंसवणारे असे हे चार गुणी पोरगे आहेत, अशी श्रोत्यांची समजूत होऊन बसली. ह्या समजुतीनेंच पुढचें सारें रामायण घडविलें.

पहिली कृति करितांना कलावंतास कोणी ओळखत नसतें. त्याच्या उभ्या आयुष्यांतील सांठलेलें तींत उतरतें आणि ती फसली तर कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. दुसरीच्या वेळीं दारांत माणसें उभीं असतात, त्यांच्या हातांत पहिली असते, आणि हाताशीं वर्षा दीड वर्षापलीकडे अवधि नसतो. ह्यावर बहुतेक जण पहिल्याचीच थोडी फिरवलेली नक्कल देऊन मोकळे होतात. क्वोमोच्या मनांत तसें नव्हतें. १९९४ च्या नाताळांत घरीं आला असतां त्यानें एका अवाढव्य गोष्टीचा संकल्प सोडला. अंतराळयानांतून निघालेल्या प्रवाशांची एक संपूर्ण रॉक संगीतिका लिहावयाची, त्यांत पात्रें, संवाद, गाणीं एकांत एक गुंफलेलीं, आणि यानाच्या त्या लांबच्या प्रवासाच्या मिषानें बँडच्या फिरतीचा कंटाळा व कीर्तीची पोकळी सांगावयाची, असा तो बेत होता. 'साँग्ज फ्रॉम द ब्लॅक होल' असें तिचें नांवहि ठरलें. ती पुरी झाली नाहीं. आमच्या मतें झाली नाहीं तें बरेंच झालें, कारण जें तिच्या जागीं आलें तें त्या यानापेक्षां पुष्कळ लांब गेलें.

तें येण्यास एक शारीरिक कारण घडलें. क्वोमोचा एक पाय जन्मापासून दुसऱ्यापेक्षां सुमारें दोन इंच आंखूड होता. पैसा हातीं येतांच त्यानें १९९५ सालीं तो लांब करण्याची शस्त्रक्रिया करवून घेतली. ह्या उपायांत हाड मुद्दाम तोडतात, पायाभोंवतीं पोलादी चौकट बसवून तिच्या सळया हाडांत रोवतात, आणि मग रोज्याने स्वतःच्या हातानें मळसूत्र फिरवून त्या दोन तुकड्यांत केंसाएवढें अंतर वाढवीत जावयाचें, कीं त्या फटींत नवें हाड भरत जावें. असें महिनेच्या महिने चालतें. ही चौकट पायांत घेऊन, काठी टेंकीत, दाढी वाढवून हा मनुष्य त्या वर्षाच्या शरदृतूंत हार्वर्ड विद्यापीठांत विद्यार्थी म्हणून दाखल झाला. रॉकच्या धांवपळीचा वीट येऊन त्याला पद्धतशीर संगीत शिकावयाचें होतें. बाहेर दूरचित्रवाणीवर त्याचें मुख दिवसांतून दहादां दिसे, आणि वर्गांत त्याला क्वचितच कोणी ओळखी. त्या एकान्तांत त्याचे सोबती दोन. एक जिआकोमो पुच्चिनीची 'मादामा बटरफ्लाय' ही ऑपेरा, आणि दुसरें जपानांतील एका अठरा वर्षांच्या मुलीनें लिहिलेलें पत्र.

'मादामा बटरफ्लाय'चें कथानक बहुतेकांस ठाऊक असेल. पिंकर्टन नांवाचा अमेरिकन आरमारी अधिकारी नागासाकी बंदरांत येतो, चिओ-चिओ-सान ह्या पंधरा वर्षांच्या गेशेशीं मौजेखातर लग्न लावतो, आणि निघून जातो. ती तीन वर्षें समुद्राकडे डोळे लावून बसते. तो येतो तो अमेरिकन पत्नी बरोबर घेऊन, मूल नेण्याकरितां. आणि ती बापाच्या कट्यारीनें प्राण देते. आतां ही कथा ऐकणारा सामान्य मनुष्य बटरफ्लायसाठीं रडतो. क्वोमो स्वतःस पिंकर्टनच्या जागीं पाहूं लागला. गांवोगांव फिरणारा, प्रत्येक बंदरांत कौतुक करून घेणारा आणि कोणाचाच न होणारा जो रॉक गवई तो म्हणजे हाच आरमारी अधिकारी, असें त्याच्या मनानें घेतलें, व आल्बमला त्यानें नांव दिलें 'पिंकर्टन'. वेष्टनावर जपानी चित्रकार हिरोशिगे ह्याचें कांबारा मुक्कामीं रात्रीं पडणाऱ्या बर्फाचें चित्र घातलें. 'तोकाइदोचे त्रेपन्न मुक्काम' ह्या १८३३-३४ च्या सुमाराच्या मालिकेंतील हें चित्र. बर्फांत वाकून चाललेलीं तीन माणसें, बाकी सर्व करडें आणि निःशब्द. ज्यानें पहिल्या आल्बमच्या निळ्या वेष्टनावर हंसून पैसे मोजले होते त्याला हें चित्र दुकानांत पाहूनच चुकल्यासारखें झालें असेल.

निर्माताहि ह्या खेपेस नको म्हणून ठरलें. बँडनें आपलें आपणच ध्वनिमुद्रण केलें. हार्वर्डच्या सुट्या पाहून, तुकड्यातुकड्यानें, १९९५ च्या शरदांत सुरू झालेलें काम १९९६ च्या उन्हाळ्यांत संपलें. आवाज निरनिराळे मुद्रित करून मागाहून जोडण्याच्या ऐवजीं गाणारे एकत्र उभे राहून गायिले. गिटारची घरघर तशीच ठेवली, ढोलांची आदळआपट तशीच ठेवली, गळा चिरकला तर तोहि तसाच ठेवला. एकंदर दहा गाणीं, पस्तीस मिनिटांच्या आंतबाहेर. दहाव्या गाण्याचें नांव 'बटरफ्लाय', आणि तें मात्र साध्या लांकडी गिटारीवर, हळू आवाजांत गायिलें आहे. आमच्या घरांत ज्यांनीं आधीं कानांवर हात ठेवले होते त्या आमच्या भगिनीनें ह्या एकाच गाण्याला मान डोलाविली, हें भाच्याच्या पक्षाचें म्हणून येथें नमूद करणें प्राप्त आहे.

आल्बम बाजारांत येण्याच्या आदल्या दिवशींच विघ्न उभें राहिलें. पिंकर्टन ह्या नांवाची, १८५० च्या सुमारास शिकागो येथें स्थापन झालेल्या जुन्या गुप्तहेर संस्थेची वंशज अशी एक पहारेकरी कंपनी कॅलिफोर्नियांत होती. तिनें आपल्या नांवाचा दुरुपयोग होतो म्हणून न्यायालयांतून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. तेव्हां क्वोमोस पुच्चिनीच्या नाटकाचें कथानक, त्यांतील पिंकर्टन, व त्याचा आपल्या गाण्यांशीं संबंध ह्यांवर सविस्तर निवेदन लिहून द्यावें लागलें. न्यायाधीशानें दोन्ही पक्षांच्या नुकसानीचा तोल पाहून हुकूम उठविला आणि २४ सप्टेंबर १९९६ रोजीं आल्बम निघाला. न्यायासनापुढें स्वतःच्या कलेचा अर्थ लेखी सांगण्याची पाळी फार थोड्या गवयांवर आली असेल! आणि गंमत ही कीं, त्या न्यायाधीशानें जितक्या सावधपणें त्याचें म्हणणें ऐकून घेतलें तितकें त्याच्या श्रोत्यांनीं घेतलें नाहीं.

आल्बम अमेरिकेच्या खपाच्या यादींत १९ व्या स्थानावर आला आणि तेथून खालीं घसरत गेला. पहिलें सुटें गाणें 'एल स्कॉर्चो'. त्याच्या चलच्चित्रांत कांहीं चमत्कृति नको, बँड वाजवीत आहे एवढेंच दाखवा, असा क्वोमोचा आग्रह होता. परिणाम व्हावयाचा तोच झाला. संगीतवाहिनीनें तें फारसें दाखविलें नाहीं. टीकाकारांत मतभेद होते, सर्वच तुटून पडले असें नव्हे. परंतु 'रोलिंग स्टोन' ह्या वजनदार पत्राच्या परीक्षकानें गीतरचना पोरकट ठरविली, आणि त्याच पत्राच्या वाचकांनीं वर्षअखेरच्या मतदानांत त्या वर्षांतील सर्वांत वाईट आल्बमांत ह्याला तिसरा क्रमांक दिला.

श्रोत्यांच्या बाजूनेंहि येथें कांहीं बोलणें न्यायाचें होईल. त्यांनीं हंसण्याकरितां म्हणून दार उघडलें, आणि आंत एक रडवेला मनुष्य आपली रोजनिशी मोठ्यानें वाचीत बसलेला आढळला. रोजनिशीहि अशी कीं तींत लाज राखण्याचा प्रयत्न कोठेंच नाहीं. आपली वासना, आपला कंटाळा, आपण कसे दुसऱ्यास वापरतों आणि वर आपणच कसे दुःखी होतों, हें सारें तो जसेंच्या तसें सांगतो. त्या जपानी मुलीच्या पत्रावर रचलेलें गाणें ऐकतांना तर आम्हांस संकोच वाटला. पत्र लिहिणारी बिचारी कोण, कोठली, तिच्याविषयीं ह्यास कांहीं ठाऊक नाहीं; तो तिच्याविषयीं कल्पना करीत सुटतो, आणि त्या कल्पना सर्वच सभ्य आहेत असें नाहीं. हा पोरकटपणा आहे असें कोणी म्हटलें तर त्याला आम्ही खोटें पाडणार नाहीं. पण तो पोरकटपणा गाणाऱ्यासहि ठाऊक आहे, आणि तो स्वतःस क्षमा करीत नाहीं, ही गोष्ट पहिल्या ऐकण्यांत हातीं लागत नाहीं. आल्बमचें नांव बटरफ्लाय नसून पिंकर्टन आहे. अपराध्याचें नांव त्यानें दारावर लाविलें होतें. श्रोत्यांस तें नांव गुप्तहेराचें वाटलें.

येथें थोडें विषयांतर करून त्या मूळ ऑपेरेच्याच जन्मकथेकडे वळतों, कारण तिच्यावांचून ही हकीकत अपुरी राहील. १७ फेब्रुवारी १९०४ रोजीं मिलान शहरच्या ला स्काला नाट्यगृहांत 'मादामा बटरफ्लाय'चा पहिला प्रयोग झाला. पुच्चिनी त्या वेळीं इटलींतील आघाडीचा रचनाकार. 'ला बोएम' आणि 'तोस्का' ह्यांनीं त्याची कीर्ति युरोपभर झालेली. नायिकेच्या भूमिकेंत रोझिना स्तोर्किओ ही नामांकित गायिका. रचनेवर त्याचा स्वतःचा इतका विश्वास कीं आपल्या कुटुंबास त्यानें आवर्जून प्रयोगास आणलें होतें. पडदा वर गेला, आणि थोड्याच वेळांत 'हें तर बोएममधलेंच!' अशा आरोळ्या सुरू झाल्या. दुसरा अंक जवळ जवळ दीड तास चालणारा; इटालियन प्रेक्षकांस इतका दीर्घ अंक सोसण्याची संवय नव्हती. बटरफ्लाय रात्रभर वाट पाहते आणि पहाट होते अशा प्रसंगीं पक्ष्यांच्या किलबिलाटाची योजना केलेली होती; तिला प्रेक्षागृहांतून कोंबड्याच्या आरवण्यानें, गाईच्या हंबरण्यानें व गाढवाच्या ओरडण्यानें उत्तर मिळालें. प्रतिस्पर्ध्यांनीं पैसे देऊन माणसें पेरलीं होतीं असा संशय तेव्हांहि होता आणि आजहि आहे. तें कसेंहि असो; पुच्चिनीनें दुसऱ्याच दिवशीं ऑपेरा परत घेतली.

मग त्यानें काय केलें? ओरडणाऱ्यांस शिव्या देत तो घरीं बसला नाहीं, आणि आपली कृति वाईट आहे असेंहि त्यानें मानलें नाहीं. लांबलेला दुसरा अंक त्यानें दोन भागांत तोडला, पहिल्या अंकांतील कांहीं पसारा छाटला, पिंकर्टनच्या तोंडीं पश्चात्तापाचें एक नवें पद घातलें, आणि साडेतीन महिन्यांच्या आंत, २८ मे १९०४ रोजीं, ब्रेशिया ह्या लहान शहरीं नवा प्रयोग लावला. तेथें पदामागून पदास पुन्हां पुन्हां मागणी आली. आमच्या संगीत नाटकांच्या भाषेंत सांगावयाचें तर 'वन्समोअर'नें नाट्यगृह दुमदुमलें. पुढें आणखी दोन तीन वर्षें तो त्यांत फेरफार करीत होता. श्रोत्यांचा पहिला कौल त्यानें अंकाच्या लांबीविषयींचा मानला. स्वतःविषयींचा मानला नाहीं.

क्वोमोनें नेमकें उलट केलें. 'पिंकर्टन'मधील एक अक्षरहि त्यानें बदललें नाहीं, व बदलतां येण्यासारखें नव्हतेंहि. परंतु जो कौल आल्बमवर पडला होता तो त्यानें आपल्या जिवावर घेतला. त्यांत १९९७ च्या जुलईंत एक दुःखद प्रसंग घडला. वीझरच्या चाहत्यांचें मंडळ ज्या दोन भगिनी आरंभापासून पदरमोड करून चालवीत होत्या, त्या तिसऱ्या बहिणीसह एका जलशाहून परत जात असतां मोटारीच्या अपघातांत मरण पावल्या. बँडला ओळखदेख नसतां ज्यांनीं त्याला आपलें म्हटलें ते पहिले श्रोते असे गेले. पुढच्या वर्षीं बास वाजविणारा मॅट शार्प बँड सोडून गेला. क्वोमो लॉस एंजलिसमध्यें एका हमरस्त्याच्या पुलाखालच्या बिऱ्हाडांत राहूं लागला. तेथें त्यानें भिंती काळ्या रंगविल्या, खिडक्या अशा बुजवून टाकल्या कीं उजेडाची तिरीप आंत येऊं नये, आणि फार थोड्या माणसांचें तोंड पाहून त्यानें महिने काढले. त्या अंधारांत बसून तो काय करी? 'निर्वाना', 'ग्रीन डे', 'ओएसिस' ह्या खपणाऱ्या बँडांचीं गाणीं घेऊन त्यांचीं मापें काढी, आणि यशस्वी गाण्याचें सूत्र कोठें सांपडतें का तें वहींत मांडी. ज्यानें आपलें काळीज कापून लोकांपुढें ठेवलें होतें तो आतां दुसऱ्यांच्या गाण्यांची शवपरीक्षा करीत होता. आम्हांस ह्या साऱ्या हकीकतींत हा भाग सर्वांत अधिक लागला.

इकडे श्रोत्यांत कांहीं निराळेंच चाललें होतें, आणि त्याचा त्याला पत्ता नव्हता. १९९६ सालीं मतदान करणारे होते ते निराळे. त्याच वर्षीं तेराचौदा वर्षांचीं जीं मुलें होतीं त्यांच्या हातीं हा आल्बम मोठ्या भावाच्या टाकून दिलेल्या तबकड्यांतून किंवा दुकानांतील स्वस्त किंमतीच्या पेटींतून पडला. त्यांना 'निळ्या आल्बम'ची अपेक्षा नव्हती, म्हणून अपेक्षाभंगहि नव्हता. खोलीचें दार लावून, एकट्यानें ऐकण्यासारखी ही गोष्ट होती. मेजवानींत लावण्यासारखी ती कधींच नव्हती. इंटरनेट तेव्हां नुकतेंच घरोघर येत होतें, त्यावरून हीं मुलें एकमेकांस सांगत सुटलीं. ज्यांना स्वतःचीच लाज वाटते अशा वयांत त्यांना एक मोठा मनुष्य स्वतःची लाज उघडी करून दाखवीत होता. त्यांतील कित्येकांनीं पुढें स्वतःचे बँड काढले. 'ईमो' म्हणून रॉकचा जो भावविवश प्रकार १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस व पुढें तरुणांत फैलावला, त्यांतील अनेक गवई आपलें मूळ 'पिंकर्टन'मध्यें सांगूं लागले.

२००० च्या उन्हाळ्यांत वीझर पुन्हां एकत्र येऊन जपानांतील व अमेरिकेंतील मेळाव्यांत वाजवूं लागला, तेव्हां समोरच्या गर्दीनें ह्या टाकाऊ ठरलेल्या आल्बममधील गाणींहि तोंडपाठ म्हटलीं. कोणाहि कलावंतास ह्याहून अधिक काय पाहिजे? परंतु क्वोमो हर्षित झाला नाहीं. २००१ च्या मे महिन्यांत तिसरा आल्बम निघाला. निर्माता पुन्हां ओकॅसेक, वेष्टन हिरवें, चौघे पुन्हां ओळीनें उभे, गाणीं आंखीव, छोटीं, गुळगुळीत, आणि त्यांत स्वतःविषयीं जवळ जवळ कांहींच नाहीं. खप उत्तम झाला. यादींत चौथें स्थान मिळालें. त्याच सुमारास एका मुलाखतींत त्यानें 'पिंकर्टन'विषयीं अत्यंत कडवट उद्गार काढले. मेजवानींत मद्य चढून सर्वांपुढें मन मोकळें करावें, त्या क्षणीं धन्य वाटावें, आणि सकाळीं जाग आल्यावर आपण केवढे मूर्ख ठरलों हें कळावें, तशी ती गोष्ट होती, असा त्याचा आशय. प्रेम करणारीं माणसें पुढें उभीं, आणि हा त्यांना सांगतो कीं तुम्ही ज्यावर प्रेम करतां ती माझी नामुष्की आहे!

ह्यापुढचा भाग थोडक्यांत सांगतां येतो. २००२ मध्यें 'रोलिंग स्टोन'च्या वाचकांनीं सर्व काळच्या सर्वोत्तम आल्बमांचें मतदान केलें. त्यांत 'पिंकर्टन' सोळावा आला. २००४ मध्यें त्याच पत्रानें आपलें परीक्षण बदलून त्याला पांचांपैकीं पांच तारे दिले. २०१० च्या नोव्हेंबरांत वाढीव आवृत्ति निघाली तेव्हां 'पिचफोर्क' ह्या संगीतपत्रानें दहापैकीं दहा गुण दिले, व त्याच महिन्यापासून बँडनें दोन रात्रींच्या दौऱ्याची योजना केली, कीं एका रात्रीं निळा आल्बम आरंभापासून अखेरपर्यंत, व दुसऱ्या रात्रीं 'पिंकर्टन'. मधल्या काळांत क्वोमोचें मनहि निवळलें होतें, आणि तो ह्या आल्बमला खोल, धीट व अस्सल म्हणूं लागला होता. २००३ च्या सुमारास तो सत्यनारायण गोएंका ह्यांच्या परंपरेंतील विपश्यनेकडे वळला होता. ज्या परंपरेचें मुख्य स्थान आमच्या नाशिक जिल्ह्यांतील इगतपुरीच्या धम्मगिरीवर आहे, तीच ही. दहा दिवस मौन धरून स्वतःच्या मनाकडे पाहणें आणि काळ्या खोलींत कोंडून घेणें ह्यांत बाहेरून फरक दिसत नसला तरी तो केवढा आहे हें तिकडे जाऊन आलेल्यांस सांगावयास नको. हार्वर्डची पदवी त्यानें २००६ सालीं घेतली, पहिलें पाऊल टाकल्यापासून अकरा वर्षांनीं.

तथापि त्याचें आतांचें गाणें पुन्हां तसें झालेलें नाहीं. वीझरनें त्यानंतर पुष्कळ आल्बम काढले, कित्येक खपले, कांहीं आम्हांस भाच्यानें ऐकविलेहि. त्यांत चातुर्य आहे, विनोद आहे, क्वचित् कारुण्यहि आहे. पण पंचविसाव्या वर्षीं ज्या हातानें मागचापुढचा विचार न करितां लिहिलें तो हात पुन्हां दिसत नाहीं. श्रोत्यांनीं आपला निकाल फिरविला खरा, परंतु दरम्यान शिक्षा भोगून झाली होती. आणि ह्या फिरलेल्या निकालावरहि आतां पुनर्विचार चालू झाला आहे. आजचीं तरुण मंडळी, विशेषतः स्त्रिया व आशियाई वंशाचे श्रोते, विचारूं लागलीं आहेत कीं त्या जपानी मुलीविषयीं असें गाण्याचा ह्याला अधिकार काय होता, आणि एका माणसाच्या एकान्तासाठीं दुसऱ्या देशांतील बायकांनीं सदैव कल्पनेंतल्या बाहुल्या कां व्हावें. हा आक्षेप १९९६ च्या 'पोरकट' ह्या शेऱ्यापेक्षां पुष्कळ अधिक जाणता आहे. पुच्चिनीच्या बटरफ्लायवरहि तोच आक्षेप घेतला जातो. भाच्यास आम्हीं पत्रानें हें कळविलें तेव्हां त्याचें उत्तर आलें कीं, हें सर्व मान्य आहे, तरी तो आल्बम मी वारंवार ऐकतों, आणि प्रत्येक वेळीं थोडा ओशाळतों. हें उत्तर आम्हांस प्रामाणिक वाटलें. गाणाऱ्याचीहि ऐकणाऱ्याकडून बहुधा हीच अपेक्षा असावी.

२०१६ मध्यें, म्हणजे निघाल्यास वीस वर्षें पुरीं होत असतां, 'पिंकर्टन'च्या खपास अमेरिकेंत दहा लक्षांची सनद मिळाली. त्याच वर्षीं ७ डिसेंबर रोजीं मिलानच्या ला स्कालानें आपल्या नव्या हंगामाचा आरंभ 'मादामा बटरफ्लाय'नें केला. संगीतसंचालक रिकार्दो शायी ह्यानें त्या रात्रीं मुद्दाम ब्रेशियाची सुधारलेली प्रत बाजूस ठेवली आणि १९०४ च्या फेब्रुवारींत त्याच नाट्यगृहांत हुर्यो उडवून बंद पाडलेली मूळ दोन अंकी प्रत रंगभूमीवर आणली. तो लांबलेला दुसरा अंक त्या रात्रीं श्रोत्यांनीं शेवटपर्यंत ऐकला, आणि पडदा पडल्यावर बराच वेळ टाळ्या थांबल्या नाहींत.